ताईच्या गोळ्या आणि सत्तावन्न शिंका

घड्याळजींच्या नाकाबद्दल सांगायचंच आहे, पण त्याआधी त्यांच्या हाताबद्दल सांगितलं नाही तर त्या भल्या माणसावर अन्याय होईल. खसखशीच्या दाण्यापेक्षा लहान स्क्रू चिमट्यात धरून जागच्या जागी बसवणारा हात होता तो. वय अठ्ठावन्न, पण कंप नावाला नाही. डाव्या डोळ्यात भिंग अडकवून माणूस एकदा टेबलाशी वाकला की मागं कुणी दुकान उचलून नेलं तरी पत्ता लागू नये. आता दुकान म्हणजे तरी काय, दोन इमारतींच्या मध्ये उरलेली एक चिंचोळी जागा. गिऱ्हाईक आत आलं की घड्याळजींना खुर्चीसकट पुढं सरकावं लागे, आणि दुसरं गिऱ्हाईक आलं तर पहिल्यानं बाहेर जायचं, असा तिथला नियम.

दुरुस्त झालेलं घड्याळ ते त्याच दिवशी कधीही देत नसत. आठ दिवस ते खिळ्याला टांगून ठेवायचे. रोज सकाळी नऊला ते किती सेकंद पुढं गेलं, किती मागं पडलं, हे एका लांबट वहीत टिपायचे. आठही दिवसांचे आकडे मनासारखे आले, तरच घड्याळ मालकाच्या हाती. लोक चिडत. "अहो, चालतंय की!" म्हणत. "चालतंय ते दिसतंय," घड्याळजी म्हणायचे, "कसं चालतंय ते बघायचंय." त्या वहीत त्यांनी उभ्या आयुष्यात एक आकडा खोटा लिहिला नव्हता. इतका सरळ माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि हे पुढं लक्षात ठेवावं लागेल, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

आता नाक.

वर्षातले दहा महिने ते चारचौघांसारखंच वागायचं. पण थंडी सरली की रस्त्याच्या दुतर्फा नगरपालिकेनं मोठ्या हौसेनं लावलेली झाडं फुलायची. फुलं कसली, नुसते पिवळट तुरे. त्यातून जी बारीक पूड उडायची ती दुकानांच्या पायऱ्यांवर, सायकलींच्या सीटवर आणि घड्याळजींच्या नाकात जाऊन बसायची. या दुखण्याला इंग्रजीत 'हे-फीव्हर' म्हणतात, म्हणजे नावात गवत आहे आणि ताप आहे. घड्याळजींच्या गल्लीत गवत नव्हतं आणि त्यांना ताप कधी आला नाही. शिंका मात्र होत्या. पहिली बरोब्बर नऊ वाजून दहा मिनिटांनी, आणि तिच्यामागं सहा-सात. समोरचा शिंपी त्या आवाजावर दुकान उघडायचा. गल्लीनं त्यांचं नाव 'अलार्म' ठेवलं होतं, आणि ते घड्याळजींना माहीत होतं.

दुसऱ्या कुणाला शिंक आली तर रुमाल लागतो. घड्याळजींना आली की भिंग डोळ्यातून सुटून टेबलावर आपटायचं आणि चिमट्यातलं चाक हवेत उडायचं. पडलेले भाग झेलायला ते टेबलाच्या कडेला अडकवलेला एप्रन मांडीवर घेऊन बसत. पण घड्याळजींची शिंक एप्रनबिप्रन जुमानणारी नव्हती. मग गुडघे टेकून, गाल फरशीला लावून, दोरीला बांधलेला लोहचुंबक फिरवत शोधमोहीम सुरू व्हायची. दारात आलेल्या गिऱ्हाइकाला फक्त तळपाय दिसत. "माझं तर नव्हे ना?" एवढाच प्रश्न प्रत्येक जण विचारायचा.

या नाकावर तीस वर्षं इलाज करत होती ती त्यांची थोरली बहीण. ताई होमिओपॅथीची डॉक्टर होती. मागच्या रस्त्यावर पहिल्या मजल्यावर तिचा दवाखाना. तो सतत भरलेला असायचा, आणि का भरलेला असायचा हे एकदा तिच्यासमोर बसल्यावर कळायचं. ती ऐकायची. तासभर ऐकायची. तुमच्याकडं तुमच्या घरातसुद्धा कुणी तासभर बघत नाही, आणि ही बाई पेन उघडून विचारते की उजव्या कुशीवर झोप लागते की डाव्या, खारट आवडतं की गोड, एकटं असताना भीती कशाची वाटते. दर वर्षी पहिला तुरा दिसला की ती भावालाही समोर बसवायची.

"छोट्या, शिंक येण्याआधी मनात काय येतं?"

"शिंक येणार, असं."

"त्याच्याही आधी?"

घड्याळजी नीट विचार करून सांगायचे, "स्क्रू."

ताई 'स्क्रू' लिहून घ्यायची. साठी उलटलेली ताई आणि साठीला टेकलेला छोट्या. मग दर रविवारी सकाळी ती स्वतः घरी येऊन साबुदाण्याएवढ्या पांढऱ्या गोळ्यांची बाटली द्यायची, चार गोळ्या आपल्या देखत त्याच्या जिभेखाली ठेवायला लावायची आणि चहा पिऊन जायची. औषध होतं कांद्याचं. कांद्यानं नाकाडोळ्यांतून पाणी येतं, म्हणून कांद्याचाच अंश देऊन ते पाणी थांबवायचं, असं तिचं शास्त्र. अर्काचा एक थेंब घ्यायचा शंभर थेंबांत, त्यातला एक पुन्हा शंभरात, असं तीस वेळा. जितकं पातळ तितकं जोरदार.

"वन्सं, मी रोज चार कांदे चिरते," घड्याळजींची बायको म्हणायची. "माझ्या नाकाचं तर कधी भलं झालं नाही."

"तुझा कांदा फार जाड पडतो," ताई शांतपणे सांगायची.

असं तीस वर्षं सुखात चाललं होतं. मग मुलगी शिकली. घड्याळजींची मुलगी औषधांच्या चाचण्यांची आकडेमोड करणाऱ्या एका कचेरीत नोकरीला लागली, आणि घरात 'पुरावा' हा शब्द मिठासारखा जेवणात यायला लागला. एका रविवारी ताईनं जाहीर केलं की त्यांच्या डॉक्टरांच्या वार्षिक संमेलनात यंदा ती बोलणार आहे, विषय हाच, झाडांच्या फुलोऱ्यानं येणाऱ्या शिंका. मुलीनं कप खाली ठेवला.

"आत्या, एक सांगू? तीस वेळा शंभरपट पातळ केल्यावर त्या गोळीत कांद्याचा एक कणसुद्धा उरत नाही."

"कण नसेल. शक्ती उरते."

"बरं, शक्ती तर शक्ती. पण मग चाचणीत दिसायला हवी ना? छोट्या छोट्या चाचण्या झाल्यात. काहींत फरक दिसला, आणि तुमच्या लोकांनी तेवढ्याच उचलून धरल्या. पण सगळ्या नीट तपासून एकत्र मांडल्या, की साखरेच्या गोळीपेक्षा जास्त काही हाताला लागत नाही."

"माझ्या डोळ्यांसमोर पेशंट बरे होतात. ते काय खोटं बोलतात?"

"खोटं नाही बोलत. फुलोरा दोन महिन्यांनी संपतो, आत्या. तेव्हा सगळेच बरे होतात. समोरचा शिंपीही शिंकतो, तोसुद्धा बरा होतो, आणि तो कशाचीच गोळी घेत नाही."

ताईच्या नाकावर माशी बसलेली तिला कधी खपली नव्हती. ती लाल झाली. घड्याळजी बशीत बघत राहिले. त्यांना वाटलं, आता ताई उठेल आणि पुढच्या रविवारी येणार नाही. पण ताई उठली नाही. "कर मग तुझी चाचणी," ती म्हणाली. "हा घरात बसलाय की. याच्या नाकावरच कर. आणि जे निघेल ते मी संमेलनात जसंच्या तसं वाचून दाखवीन."

"एका माणसावरच्या चाचणीला आमच्याकडं कुणी चाचणी म्हणत नाही," मुलगी म्हणाली. पण तिलाही खुमखुमी आलीच होती.

बेत ठरला. ताईनं दोन सारख्या बाटल्या भरायच्या, एकीत औषध लावलेल्या गोळ्या, दुसरीत नुसत्या साखरेच्या. घड्याळजी दुरुस्तीच्या घड्याळांना बांधतात तसली चिठ्ठी तिनंच प्रत्येकीला बांधायची, एक आणि दोन. कोणतीत काय आहे ते ताईनं कागदावर लिहून पाकिटात बंद करायचं. पाकीट बायकोच्या पिठाच्या डब्यात. चौदा दिवस पहिली बाटली, चौदा दिवस दुसरी. रोजच्या शिंका घड्याळजींनी वहीत लिहायच्या. आणि चार आठवडे ताईनं भावाला भेटायचं नाही, कारण तिच्या चेहऱ्यावर सगळं दिसतं.

ही शेवटची अट घड्याळजींना मुळीच आवडली नव्हती. पण त्यांना कुणी विचारलं नाही. नाक त्यांचं असलं तरी चाचणी या दोघींची होती.

पहिल्या दिवशी शिंका चोपन्न. दुसऱ्या दिवशी एकसष्ट. वारा सुटला त्या दिवशी बहात्तर. घड्याळजी तिमाही हिशेबाला बसलेल्या कारकुनासारखे रेघा मारत होते. शिंक आली की रेघ, पाचवी आडवी. रविवार आला आणि गेला. बायकोनं सवयीनं चार कप मांडले, मग एक उचलून ठेवला. घड्याळजींनी चार गोळ्या स्वतःच जिभेखाली ठेवल्या आणि त्यांना अगदी उगाचच भरून आलं. शिंकांमुळं डोळे तसेही वाहत होते, त्यामुळं कुणाच्या लक्षात आलं नाही.

बाराव्या दिवशी अनर्थ झाला. एका निवृत्त नर्सबाईंचं मनगटी घड्याळ टेबलावर उघडं होतं. करंगळीच्या नखाएवढं यंत्र. बाईंनी चाळीस वर्षं त्या घड्याळाच्या सेकंदकाट्यावर माणसांच्या नाड्या मोजल्या होत्या. बंद पडल्यापासून त्यांना झोप नव्हती. "नवीन नको मला," त्या म्हणाल्या होत्या. "यानं पुष्कळ माणसं परत आलेली बघितलीत." यंत्र बनवणारा कारखाना कधीच बंद पडलेला, सुटा भाग कुठंही मिळायचा नाही. घड्याळजींनी श्वास रोखून त्यातला सर्वांत लहान स्क्रू उचलला, आणि नाकानं दगा दिला. एक नाही, नऊ.

दीड दिवस ते फरशीवर होते. चुंबक फिरवून झाला. फरशी ओल्या फडक्यानं पुसून ते फडकं भिंगाखाली बघून झालं. स्वतःची चप्पल, एप्रनची शिवण, पायजम्याची मुडप, सगळं झालं. तेराव्या दिवशी दुपारी स्क्रू सापडला, तो त्यांच्याच भुवईत. बायकोनं काढला. "तुमच्या तोंडावरच होता की," ती म्हणाली, आणि हसू आवरायला आत गेली.

घड्याळजींना हसू आलं नाही. स्क्रू डबीत बंद करून ते तडक कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गेले. दुकानदारानं काही विचारलंच नाही. तो त्यांना तीस वर्षं ऐकत होता. त्यानं नाकात मारायचा स्प्रे काढून दिला. "रोज सकाळी दोन्ही नाकपुड्यांत एकेक. पहिल्याच दिवशी जादू होणार नाही, चार-पाच दिवस धीर धरा. आणि डॉक्टरांना एकदा दाखवा."

"डॉक्टर घरातच आहे," घड्याळजी म्हणाले, आणि स्प्रे खिशात खोल कोंबला.

चाचणी बिघडेल हे त्यांच्या मनात आलं नाही असं नाही. आलं. पण नर्सबाईंचं घड्याळ त्याहून जास्त मनात होतं. बाटलीतल्या गोळ्या ते नेमानं घेत राहिले, स्प्रे न्हाणीघरात दार लावून मारत राहिले, आणि शिंका वहीत लिहीत राहिले. आकडा एकही खोटा नाही. फक्त स्प्रेसाठी त्या वहीत रकाना नव्हता. मनाला समजवायला माणसाला एवढं पुरतं.

चौदाव्या दिवशी त्रेचाळीस. मग दुसरी बाटली सुरू झाली. तीस. एकोणीस. अकरा. अखेरच्या आठवड्यात रोज चार. नर्सबाईंचं घड्याळ जुळलं, आठ दिवस खिळ्यावर टांगून झालं, दिवसाला दोन सेकंद पुढं. बाईंनी ते मनगटावर चढवलं आणि सवयीनं घड्याळजींचीच नाडी बघितली. "धावतेय फार," त्या म्हणाल्या. "काळजी कसली आहे?"

अठ्ठाविसावा दिवस रविवार होता. ताई दहाच्या ठोक्याला दारात. मुलीनं आकडेमोड करून ठेवली होती. पहिली बाटली, दिवसाला सरासरी सत्तावन्न शिंका. दुसरी, दहा. बायकोनं पाकीट डब्यातून काढलं, झटकलं, सगळ्यांच्या अंगावर पीठ उडालं. मुलीनं कागद उलगडला. ताईच्या अक्षरात लिहिलं होतं: एक, साखर. दोन, औषध.

मुलीचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता, पण पोरगी प्रामाणिक. "आकडे आहेत तसे आहेत, आत्या," ती म्हणाली. "मला कळत नाहीये, पण आहेत."

आणि ताई रडली. दवाखान्यात इतरांना रडू देणारी ही बाई घरात कधी रडलेली कुणी पाहिली नव्हती. तिनं घड्याळजींचं डोकं छातीशी धरलं. "छोट्या, तीस वर्षं लोक मागून हसायचे रे. मला दिसायचं. आज तू माझी लाज राखलीस."

घड्याळजी त्या मिठीत गुदमरून गेले. खिशातला स्प्रे बरगडीला टोचत होता.

संमेलन पुढच्या रविवारी. सोमवार, मंगळवार, बुधवार घड्याळजींनी तोंड उघडलं नाही. जेवण कमी झालं. बायकोनं दोनदा विचारलं, त्यांनी दोनदा हवेवर ढकललं. गुरुवारी संध्याकाळी मुलगी वही घेऊन दुकानात आली आणि पहिल्या गिऱ्हाइकाला बाहेर काढून खुर्चीवर बसली.

"बाबा, दुसरी बाटली पंधराव्या दिवशी सुरू झाली. मग शिंका चौदाव्या दिवसापासूनच का उतरायला लागल्या? तेराव्या दिवशी काय झालं?"

खोटा आकडा लिहिला असता तर निभावलं असतं. घड्याळजींनी खिशात हात घालून स्प्रे टेबलावर ठेवला. मुलीनं तो उचलला, त्यावरचं नाव वाचलं, आणि पुन्हा खाली ठेवला. तिला हसू येत होतं आणि रागही.

"तू सांग तिला," घड्याळजी म्हणाले.

"मी नाही सांगणार, बाबा. माझ्याकडून ऐकलं तर मी जिंकले असं होईल. मला नाही असलं जिंकायचं. तुम्ही सांगा, आणि तिनं तिथं उभं राहायच्या आत सांगा."

धीर गोळा करता करता शनिवार उजाडला. घड्याळजी ताईच्या दवाखान्याचा जिना चढले तेव्हा बाकावर सातजण होते. ते आठवे बसले. भाऊ म्हणून थेट आत जाता आलं असतं, पण फाशीला जाताना कुणी रांग मोडत नाही. अडीच तासांनी नंबर लागला. ताई टेबलामागं बसून भाषणाची शेवटची पानं उतरवत होती. चांगली अकरा पानं झाली होती.

"ताई," ते उभ्या उभ्याच म्हणाले, "मी स्प्रे मारत होतो. तेराव्या दिवसापासून. औषधाच्या दुकानातला. शिंका त्यानं थांबल्या."

ताईचं पेन थांबलं. खालच्या रस्त्यावर कुणीतरी शटर ओढलं. अठ्ठावन्न वर्षांचा तो माणूस लहानपणी बशी फोडल्यावर उभा राहायचा तसा अंगठ्यानं फरशी उकरत उभा राहिला.

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू रडलीस."

ताई उठली, दार लावून घेतलं आणि पेशंटच्या खुर्चीवर येऊन बसली. "बस," ती म्हणाली. घड्याळजींना बसायला डॉक्टरचीच खुर्ची उरली होती. ते बसले.

"आता माझं ऐक," ताई म्हणाली. "पाकिटातला कागद खोटा होता."

"म्हणजे?"

"साखरेची बाटली मी भरायला घेतली रे. चिठ्ठीसुद्धा बांधली. पण माझ्याच्यानं होईना. ऐन फुलोऱ्यात तू पंधरा दिवस नुसत्या साखरेवर काढायचे, तिथं गुडघे फोडत फिरायचं, आणि मी इथं बसून राहायचं? मी तीही औषधाचीच भरली. दोन्ही बाटल्यांत औषध होतं."

घड्याळजी आकड्यांचा माणूस. त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला आणि तो तोंडावर येऊ नये म्हणून खिडकीकडं पाहिलं. पण बहीणही काही कमी नव्हती. तिनंही तोच केला होता, आणि बहुतेक गेल्या रविवारीच केला होता, फक्त तेव्हा तिला तो बघायचा नव्हता.

"म्हणजे पहिल्या बाटलीतही औषध होतं," ती सावकाश म्हणाली. "आणि सत्तावन्न शिंका."

"वारा फार होता, ताई."

"वाऱ्याचं नको सांगूस मला."

डॉक्टर पेशंटच्या खुर्चीत, पेशंट डॉक्टरच्या. मग ताईनं ती अकरा पानं उभी आडवी फाडली. घड्याळजींना वाटलं, संपलं, ही आता जाणार नाही संमेलनाला. पण तिनं टपरीवरचं बिल लिहावं तशा एका कोऱ्या चिठ्ठीवर चार ओळी खरडल्या. "जे निघेल ते जसंच्या तसं वाचीन म्हणाले होते ना मी? उद्या ये माझ्याबरोबर. एकटीनं जमायचं नाही मला."

संमेलनाचं सभागृह थोरलं, खुर्च्या मऊ आणि पंखे मोठ्या आवाजाचे. घड्याळजी शेवटच्या रांगेत बसले. ताईचा नंबर आला. ती चष्मा लावून उभी राहिली आणि एका दमात सगळं सांगून मोकळी झाली. दोन बाटल्या, दोन्हींत औषध, ते तिनं नियम मोडून, मायेपोटी भरलं. पहिल्या बाटलीवर सत्तावन्न शिंका. मग भावानं दुकानातला स्प्रे वापरला, शिंका चारावर आल्या. "माझ्या औषधानं त्याला काही गुण आला असं मला म्हणता येत नाही," ती म्हणाली. "इतर ठिकाणच्या मोठ्या चाचण्याही हेच सांगतात, असं माझी भाची म्हणते. मी आजवर तिचं ऐकून घेतलं नाही. आता वाचून बघणार आहे."

घड्याळजींनी खुर्चीचा हात घट्ट धरला. आता हिला काय काय बोलतील, आणि मग आपण उठून काय करायचं, याची ते मनात जुळवाजुळव करू लागले.

पण व्यासपीठावरचे अध्यक्ष, ऐंशीच्या घरातले, पांढऱ्याशुभ्र मिशांचे, हसतमुखानं उठले. "ताईंचा विनय बघा," ते म्हणाले. "अहो, पहिल्या बाटलीत औषध, आणि शिंका सत्तावन्न. म्हणजे रोग उसळून वर आला! औषध लागू पडल्याची याहून मोठी खूण कोणती? आणि दुसऱ्या बाटलीत औषध, शिंका चार. म्हणजे रोग गेला!"

"स्प्रेमुळं गेला," ताई माइकमधून म्हणाली.

"स्प्रेनं दबला असेल. पण दबलेला रोग मुळातून कुणी काढला?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. कुणीतरी उभं राहून गोळ्या जेवणाआधी दिल्या होत्या का जेवणानंतर, ते विचारलं. दुसऱ्यानं विचारलं, पेशंट झोपतो कोणत्या कुशीवर. ताई दोनदा म्हणाली, "तसं नाही, मी सांगतेय ते ऐका," पण पंखे मोठे होते आणि टाळ्या त्याहून मोठ्या. एका बाईनं तिला फुलांचा गुच्छ दिला. पिवळ्या तुऱ्यांचा नव्हता, एवढंच नशीब.

बाहेरच्या पायऱ्यांवर ताई गुच्छ मांडीवर घेऊन मटकन बसली. घड्याळजी एक पायरी खाली बसले. आतून अजून टाळ्या ऐकू येत होत्या, आता दुसऱ्याच कुणासाठी.

"छोट्या," ती म्हणाली, "तिसऱ्या रांगेतली निळ्या साडीतली बाई बघितलीस? सगळ्यांत आधी टाळ्या वाजवणारी? तीस वर्षं त्या खुर्चीवर मी बसत होते."

घड्याळजींनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"खरं सांग," ती म्हणाली. "माझ्या गोळ्यांनी तुला कधीच फरक पडला नाही?"

आता खोटं बोलायला हरकत नव्हती. वही जवळ नव्हती, मुलगी नव्हती, रकाने नव्हते. पण घड्याळजींना ते जमत नसे.

"पहिल्या वर्षी पडल्यासारखा वाटला," ते म्हणाले. "मग पुढं तुला वाईट वाटू नये म्हणून पडत गेला."

ताई हसायला लागली. इतकी हसली की जिन्यावरून उतरणारी माणसं वळून बघू लागली, आणि हसता हसता तिचे डोळे गळायला लागले. घड्याळजींनी आपला रुमाल दिला. तिनं नाक शिंकरलं, रुमाल परत देऊ लागली, तो पाहिला आणि स्वतःकडंच ठेवून घेतला.

"पुढच्या रविवारी येते मी," ती म्हणाली. "गोळ्या नाही आणत."

"ये," घड्याळजी म्हणाले. "तू येत नव्हतीस तेव्हा आमची ही एक कप उचलून ठेवत होती. मला नाही आवडलं ते."